शेफर्ड की शेपर्ड? जोडशब्दाचा सांधा



आजचा भाग एकाच शब्दाचा आहे. मेंढपाळाला इंग्रजीत जो शब्द आहे, तो. स्पेलिंग सांगतो: एस, एच, ई, पी, एच, ई, आर, डी. उच्चार मुद्दामच सांगत नाही, कारण सगळा वाद उच्चाराचा आहे. हा भाग मुळात बोलण्यासाठी तयार केला होता, आता तुम्ही तो वाचता आहात. तेव्हा एक विनंती. जिथे जिथे इंग्रजी शब्द येईल तिथे तो मोठ्यानं म्हणा. घरातले बघतील तर बघू द्या. नुसतं डोळ्यांनी वाचून हा विषय कळत नाही, आणि खरं तर सगळा घोटाळा डोळ्यांनीच केलेला आहे.

इंदूरच्या एका आजोबांनी लिहिलं आहे. त्यांची नात सातवीत आहे, इंग्रजी माध्यमात. वर्गात धडा मोठ्यानं वाचताना तिनं हा शब्द ‘शेफर्ड’ असा वाचला. मुलं हसली. बाईंनी ‘शेपर्ड’ असं सांगितलं आणि पुढे वाच म्हणाल्या. तेव्हापासून मुलगी वाचनासाठी हात वर करत नाही. आजोबा लिहितात की मीही आयुष्यभर शेफर्डच म्हणत आलो, आमच्या गल्लीत सगळे जर्मन शेफर्डच म्हणतात, म्हणून मी शब्दकोश उघडला आणि माझा गोंधळ आणखी वाढला. शब्द ठळक अक्षरांत छापलाय तिथे मध्ये एक टिंब आहे आणि त्यानं शब्द ‘शेप’ आणि ‘हर्ड’ असा तोडलाय. त्याच ओळीत पुढे उच्चार दिलाय, तिथे मात्र तो ‘शे’ आणि ‘पर्ड’ असा तोडलाय. एका ओळीत एकच शब्द दोन ठिकाणी कसा तुटतो? त्यातलं खरं कुठलं?

प्रश्न अतिशय नेमका आहे. त्या मुलीला उत्तर मिळालं, पण कारण मिळालं नाही. आणि नुसतं उत्तर मिळालेलं मूल पुढच्या अनोळखी शब्दापाशी पुन्हा अडखळतं. मी नोकरीत असताना तरुण मुलांशी बोलायचे पुष्कळ प्रसंग आले. चांगली हुशार, धीट मुलं. पण एखाद्या शब्दाच्या उच्चाराची खात्री नसली की तो शब्द टाळण्यासाठी अख्खं वाक्यच बदलायची. सांगायचं असायचं एक आणि बाहेर पडायचं दुसरंच, सोपं आणि अर्धवट. समोरच्याला वाटायचं, याला विषयच येत नाही. एवढी किंमत एका शब्दापायी मोजायची काही गरज नाही.

आता आजोबांचं उत्तर. त्यांनी पाहिला तसा प्रकार मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशात दिसतो, आणि त्यात चूक काही नाही. ते ठळक शब्दातलं टिंब उच्चारासाठी नसतंच. ते लिहिणाऱ्यासाठी आणि छापणाऱ्यासाठी असतं. ओळ संपत आली, शब्द मावत नाही, तर आडवी रेघ देऊन तो कुठे मोडावा, एवढंच ते टिंब सांगतं. तिथे शब्दाच्या घडणीचा मान राखतात, म्हणून शेप आणि हर्ड. पुढचा कंस किंवा तिरक्या रेघांमधला तुकडा मात्र तोंडासाठी असतो. तिथे घडण बघायची नाही, आवाज बघायचा. एक तोडणी छापखान्याची, दुसरी तोंडाची. दोन्ही खऱ्या, फक्त कामं वेगळी.

‘कबर्ड’ या शब्दाचंही तसंच. लिहिताना तो ‘कप’ आणि ‘बोर्ड’ असाच मोडायचा, बोलताना मात्र त्यात ना कप ऐकू येतो ना बोर्ड.

आपण शाळेत समासाचा विग्रह करायचो ना, तो इथे करू. शीप अधिक हर्ड. आता हर्ड म्हणजे कळप हे आपल्याला माहीत असतं, म्हणून बरेच जण समजतात की मेंढ्यांचा कळप या अर्थातून मेंढपाळ निघाला. तसं नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते, एक कळपासाठी आणि एक कळप राखणाऱ्यासाठी. दिसायला जवळजवळ सारखे. आपल्या शब्दात आहे तो दुसरा, राखणारा. म्हणजे मेंढ्यांचा राखणारा, सरळ षष्ठी तत्पुरुष. मराठीतला मेंढपाळ अगदी हाच, पहिल्या अर्ध्यात जनावर आणि दुसऱ्यात पाळणारा.

मग ‘शीप-हर्ड’चं ‘शेपर्ड’ कसं झालं? तीन गोष्टी झाल्या, आणि या तीन गोष्टी एकदा लक्षात आल्या की इंग्रजीतले डझनावारी शब्द आपोआप उलगडतात.

पहिली गोष्ट, पुढच्या अर्ध्यातला लांब स्वर आखूड झाला. शीप एकटं असतं तेव्हा लांब, पाठीवर दुसरा शब्द घेतला की ते ऱ्हस्व होतं. हे तुम्ही रोज ऐकता. क्राइस्टचा सण तो क्रिसमस. क्राइस्टमस कोणी म्हणत नाही. होली डे, म्हणजे पवित्र दिवस, त्याचा झाला हॉलिडे. उपास मोडणं म्हणजे ब्रेक आणि फास्ट, पण सकाळच्या नाश्त्यातला ‘ब्रेक’ गाडीच्या ब्रेकपेक्षा आखूड असतो. देवनागरीत आखूड ए वेगळा दाखवायची सोय नाही, म्हणून हा फरक लिहून कळत नाही, ऐकूनच कळतो. आणि नाशिककरांसाठी खास: द्राक्षमळ्याला आपण सगळे ‘वाइनयार्ड’ म्हणतो. त्यात वाइन नाही, व्हाइन आहे, म्हणजे वेल. आणि जोडशब्दात ती व्हाइनसुद्धा आखडून ‘व्हिन्’ होते. व्हिन्-यर्ड. दारू पुढची गोष्ट.

दुसरी गोष्ट, मधला ह गळाला. जोर नसलेल्या तुकड्याच्या सुरुवातीचा ह इंग्रजीत टिकत नाही. नॉटिंगम, बर्मिंगम, बकिंगम या नावांच्या शेवटी ‘हॅम’ लिहिलेलं आहे, त्याचा मूळ अर्थ बहुतेकदा वस्ती किंवा गाव. बोलताना ह पार जातो. आपल्याकडे बकिंगहॅम पॅलेस म्हणण्याची रीत आहे, तिथला माणूस बकिंगम म्हणतो.

तिसरी गोष्ट, मागच्या अर्ध्यातला स्वर फिका पडला. ‘हर्ड’ मधला ठसठशीत स्वर जाऊन तिथे नुसता अ उरला, तोही पुसट. हा पुसट अ म्हणजे इंग्रजी उच्चाराचा अर्धा जीव. ऑक्सफर्डमध्ये फोर्ड नाही, पोर्ट्समथमध्ये माउथ नाही, यॉर्कशरमध्ये शायर नाही, आणि पोस्टमन, पोलिसमन म्हणताना इंग्रजाच्या तोंडून मॅन निघत नाही, मन निघतं.

इथे फौजेतला एक शब्द आठवतो. अधिकाऱ्याच्या मदतनीस जवानाला ब्रिटिश अमदानीत ‘बॅटमन’ म्हणत, आपण आता सहायक म्हणतो. त्यातला बॅट म्हणजे चेंडूफळीचा नव्हे आणि वटवाघूळही नव्हे. फ्रेंचमध्ये सामान लादायच्या खोगिराला एक शब्द आहे, त्यावरून आलेला. तो सामानाच्या घोड्याचा माणूस. हा जुना शब्द, म्हणून मागचा अर्धा फिका: बॅटमन. चित्रकथेतला टोपीवाला मात्र नवा, म्हणून त्याचा मागचा अर्धा टवटवीत: बॅटमॅन. स्पेलिंग एक, उच्चार दोन, आणि फरक वयाचा.

वयाचा म्हटलं ते नीट समजून घ्या, कारण खरी किल्ली तिथेच आहे. जोडशब्द जितका जुना आणि जितका वापरातला, तितका तो झिजतो. ही गोष्ट आपल्या भाषेत आपल्याला आधीपासून माहीत आहे. कुंभकार झिजला आणि कुंभार झाला. सुवर्णकाराचा सोनार झाला, लोहकाराचा लोहार. देवकुल झिजून देऊळ. मातृगृहाचं माहेर झालं, आणि माहेर म्हणताना त्यात मातृ कुठे आणि गृह कुठे हे कोणी शोधत नाही. पण पत्रकार, चित्रकार हे शब्द जसेच्या तसे. पत्रकाराचा ‘पत्रार’ झाला नाही, कारण तो नवा आहे, त्याच्यावरून अजून पुरेशा पिढ्या गेलेल्या नाहीत. इंग्रजीत अगदी हेच. कबर्ड हा चौदाव्या शतकापासूनचा शब्द, मुळात पेले मांडायची फळी, तो झिजला. ब्लॅकबोर्ड त्यामानानं कालचा, त्यातला बोर्ड शाबूत आहे. कीबोर्ड, डॅशबोर्ड तर विचारूच नका. पण जहाजाची उजवी बाजू, स्टारबर्ड, ती पुन्हा जुनी, म्हणून तिथे बोर्डचा बर्ड झाला. त्यात तारा नाही हेही सांगून टाकतो, ते ‘स्टिअर’ आहे, सुकाणूची बाजू.

आपल्या शब्दाचे सख्खे भाऊ बघा. शेळ्या राखणारा तो गोट-हर्ड. गायी राखणारा काउ-हर्ड. त्यांच्यात ह सुद्धा शिल्लक आहे आणि हर्ड सुद्धा. का? इंग्लंडचं कितीतरी शतकांचं पोट लोकरीच्या व्यापारावर भरत होतं. मेंढपाळ हा शब्द रोज हजारो तोंडांतून जायचा. शेळीवाल्याचं नाव त्या मानानं क्वचित निघायचं. जो शब्द जास्त राबला तो जास्त झिजला, इतकं सरळ आहे.

आता मुख्य प्रश्न. फ आला कुठून?

तो आला ग्रीकमधून, आणि आला चुकीच्या घरी. फोटो, फोन, फिजिक्स, एलिफंट, ग्राफ: या सगळ्यांत पी आणि एच मिळून एक आवाज होतो. आपण इंग्रजी वाचायला शिकतो ते याच शब्दांवर, त्यामुळे डोळ्याला सवय लागते: पी-एच दिसलं की फ. पण मग मला सांगा, ‘लूपहोल’ला कोणी लूफोल म्हणतं का? ‘अपहिल’ला अफिल? ‘हॅपहॅझर्ड’ला हॅफॅझर्ड? नाही. कारण तिथे लूप दिसतो, होल दिसतो, सांधा उघडा आहे. शेपर्डमध्ये मात्र ‘शेप’ असा एकटा शब्द डोळ्यासमोर येत नाही, शीपमधला एक ई गळालेला आहे. सांधा झाकला गेला, आणि झाकलेल्या सांध्यावर डोळ्यानं फ वाचला. त्या मुलीनं वेंधळेपणा केला नव्हता. तिनं तिला शिकवलेला नियम लावला, फक्त तो त्या जागेचा नव्हता.

अशा झाकलेल्या सांध्यांची आणखी ठिकाणं आहेत. ‘मिसहॅप’, म्हणजे छोटा अपघात. एस आणि एच शेजारी आले की आपण श वाचतो, आणि ‘मिशॅप’ होतं. खरं मिस् आणि हॅप. ‘डिसहार्टन’चंही तसंच, तिथे पुष्कळांच्या तोंडी ‘डिशार्टन’ असतं. आणि गोटहर्ड हा शब्द पहिल्यांदा बघणारा हमखास ‘गोथर्ड’ वाचतो.

देवनागरीचं मोठेपण इथे कळतं. उपहार हा शब्द कोणी उफार वाचत नाही, अपहरण कोणी अफरण वाचत नाही. आपल्या लिपीत प आणि ह शेजारी बसले तरी ते प आणि ह च राहतात. फ पाहिजे असेल तर त्याला स्वतंत्र अक्षर आहे. रोमन लिपीला ती चैन नाही. दोन अक्षरं शेजारी आली की ती जोडी आहे की दोघं वेगवेगळे प्रवासी आहेत, हे ज्याचं त्यानं ओळखायचं.

आणि यात इंग्रज स्वतःही फसलेले आहेत बरं का. लंडनमध्ये ल्यूइशम नावाचा भाग आहे. मुळात ते एस वर संपणारं नाव आणि पुढे हॅम, म्हणजे गाव. लोकांनी एस-एच एकत्र वाचलं, श झाला, आणि आज तोच बरोबर उच्चार आहे. मार्गारेट थॅचर 1925 साली ज्या गावात जन्मल्या त्या ग्रँथमचं तेच: ग्रँट आणि हॅम, मध्ये टी-एचचा थ झाला आणि कायम झाला. पण लंडनचंच क्लॅपम वाचलं. तिथे पी आणि एच शेजारी असूनही फ झाला नाही. मोठं रेल्वे जंक्शन आहे, तिथे जाऊन ‘क्लॅफम’चं तिकीट मागू नका. उलट दिशेनं, परदेशी पाहुणे आपलं ठाणे रोमन पाटीवर बघून ‘थेन’ म्हणतात तेव्हा आपण हसतो. तिथे उलटं आहे: टी-एचनं आपण ठ लिहितो, ते थ वाचतात. नियम त्यांचा, जागा आपली.

मग ल्यूइशमसारखं उद्या शेफर्डही बरोबर ठरेल का? भाषेत असं होतं. कपाळाला इंग्रजीत जुना उच्चार ‘फॉरिड’ असा होता. लिहिलेलं बघून लोक पुन्हा ‘फोर-हेड’ म्हणू लागले आणि आता इंग्लंडातही ते सर्रास चालतं. पण शेपर्डच्या बाबतीत इंग्रजी बोलणारे कुठलेच देश फ कडे गेलेले नाहीत. आडनावं पाहा. हे आडनाव तिकडे चार-पाच तऱ्हांनी लिहितात, काहींत एच आहे, काहींत नाही, काहींत दोन पी आहेत. 5 मे 1961 रोजी अवकाशात गेलेले पहिले अमेरिकन ॲलन शेपर्ड यांच्या स्पेलिंगात मधला एच नाहीच. उच्चार सगळ्यांचा एक. क्रिकेट बघणाऱ्यांना पंच डेव्हिड शेपर्ड आठवत असतील, 1996, 1999 आणि 2003 या तिन्ही विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत उभे राहिलेले. धावफलकावर 111 लागले की पाय उचलून एका पायावर उभे राहायचे. त्यांना आपल्याकडे कितीतरी लोक शेफर्डच म्हणायचे. माणसाच्या नावाची गोष्ट आहे, त्यामुळे तिथे तरी मी आग्रही आहे.

कुत्र्याचं म्हणाल तर आपल्या आधीच्या पिढीला हा प्रश्नच नव्हता. ते ‘अल्सेशियन’ म्हणायचे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जर्मन हे नाव कोणाला नको होतं, म्हणून तिथल्या केनेल क्लबनं या जातीचं नाव बदललं. इंग्रजांबरोबर ते नाव आपल्याकडेही रुळलं. पुढे मूळ नाव परत आलं, आणि त्याबरोबर हा पी-एच आपल्या घरोघरी आला. फौजेत हे कुत्रे आम्ही जवळून पाहिलेत, मेरठला रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात त्यांचं प्रशिक्षण होतं. कुत्र्याला उच्चाराचं काही सोयरसुतक नसतं, हँडलरचा आवाज पुरतो.

आता तोंडाची तोडणी. सिलॅबल म्हणजे एका झटक्यात निघणारा आवाजाचा तुकडा, मधोमध एक स्वर. अक्षरं मोजायची नाहीत. ‘घरकाम’ लिहायला चार अक्षरं, पण बोलताना घर्-काम्, दोनच तुकडे. मेंढपाळ, तेही दोनच: मेंढ्-पाळ्. शेपर्डही दोनच.

ओळखायची माझी पद्धत कवायतीची आहे. जागच्या जागी पावलं टाका आणि प्रत्येक पावलावर एक तुकडा म्हणा. बँडमधला मोठा ढोल डाव्या पावलावर पडतो. तसा जोराचा तुकडा डाव्या पावलावर घ्या. डावं: शेप्. उजवं: अर्ड. डावं जोरात, उजवं हलकं. कब्-अर्ड. ब्रेक्-फस्ट. व्हिन्-यर्ड. दोन मिनिटं करा, लय बसते. मराठी माणसाची खोड अशी की तो दोन्ही पावलं सारखी आपटतो. आपल्या भाषेत प्रत्येक तुकड्याला जवळजवळ सारखा मान आहे, म्हणून आपण इंग्रजीतही सगळ्यांना सारखं वागवतो. सद्गुणच आहे, पण इंग्रजी ऐकणारा कान जोराच्या तुकड्यावरून शब्द ओळखतो. दोन्हीवर जोर दिला तर त्याला दोन शब्द ऐकू येतात.

मधला प कुठल्या तुकड्यात, शेप्-अर्ड की शे-पर्ड? इथे शब्दकोशांत मतभेद आहेत. अमेरिकी कोश पुढे ढकलतो. जॉन वेल्स या इंग्रज ध्वनितज्ज्ञांचा लाँगमनचा उच्चारकोश प ला पहिल्या तुकड्यात ठेवतो. कारण असं की आखूड ए वर जोर असलेला इंग्रजी तुकडा उघडा राहत नाही, त्याला मागून व्यंजनाचा टेकू लागतो. मला हे पटतं. शिवाय मराठी माणसाला त्याचा फायदा आहे: शेप् म्हणून ओठ मिटले की फ येण्याचा मार्गच बंद होतो. फ साठी वरचे दात खालच्या ओठाला लागावे लागतात. आरशात बघा, दात दिसले तर चुकलं.

आणखी एक बारकावा. इंग्रज माणूस ‘पेन’ म्हणतो तेव्हा त्याचा प आपल्या कानाला किंचित फळातल्या फ सारखा, हवा सोडल्यासारखा लागतो. पण ते फक्त जोराच्या तुकड्याच्या सुरुवातीला. शेपर्डमधला प तिथे नाही, त्यामुळे तो अगदी आपल्या पाटातला, पळीतला कोरडा प. शेवटचा र इंग्लंडमध्ये ऐकू येत नाही, अमेरिकेत येतो. तुम्ही खुशाल म्हणा. फोनवर, लाउडस्पीकरवर र असलेला शब्द स्पष्ट पोचतो.

जोराबद्दल अजून थोडं, कारण जोडशब्दाचा विषय त्याशिवाय अपुरा राहील. दोन शब्दांचं एक नाम झालं की जोर सहसा पहिल्यावर जातो. ब्लॅकबोर्ड म्हणजे फळा, जोर ब्लॅकवर. जोर बोर्डवर दिला तर नुसती कुठलीतरी काळी पाटी. ‘इंग्लिश टीचर’मध्ये इंग्लिशवर जोर दिला तर इंग्रजी शिकवणारे सर, मग ते सांगलीचे का असेनात. टीचरवर दिला तर इंग्लंडहून आलेले सर, मग ते गणित का शिकवेनात. हे नुसतं नखरेबाज नाही, अर्थच बदलतो. हुद्द्यांत मात्र जोर मागे असतो: मेजर जनरल म्हणताना जनरलवर, फील्ड मार्शल म्हणताना मार्शलवर. रस्त्यांच्या नावांत तर मजा आहे. स्ट्रीट असेल तर जोर आधीच्या नावावर, रोड असेल तर रोडवर. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटचा जोर ऑक्सवर आणि त्याच नावाच्या रोडचा जोर रोडवर. याला कारण विचारू नका, तिथली रीत आहे.

जर्मन शेपर्डमध्ये जर्मन हे विशेषण म्हणून जोर शेप् वर. जर्-मन शेप्-अर्ड. चार पावलं, ढोल तिसऱ्यावर.

घरी मुलांना सांगताना मी एवढंच करायला सांगेन. अनोळखी लांब शब्द आला की आधी त्यात दोन शब्द लपलेत का ते शोधायचं. पी-एच, टी-एच, एस-एच दिसलं की थांबायचं आणि विचारायचं, ही जोडी आहे की सांधा? सांधा असेल तर तिथे तोडायचं, दोन्ही भाग वेगळे म्हणायचे, मग जवळ आणायचे. नंतर शब्दकोश उघडायचा आणि ठळक टिंबाकडे नाही, उच्चाराच्या खुणेकडे बघायचं. त्यात एक छोटी उभी रेघ वरच्या बाजूला असते, ती ज्या तुकड्याच्या आधी आहे तिथे ढोल. आता मोबाइलवर ऐकायचीही सोय आहे, पण आधी स्वतः तोडून बघावं आणि मग ऐकावं. पडताळून पाहिलेलं लक्षात राहतं.

सगळीकडे सांधा शोधायच्या नादात मात्र पडू नका. ‘थ्रेशोल्ड’, म्हणजे उंबरठा, यात थ्रेश आणि होल्ड आहेत असं वाटतं. पण स्पेलिंगात त्या सांध्यापाशी एच एकच आहे, आणि मुळात तो होल्ड नाहीच. कित्येक इंग्रज तिथे सांधा कल्पून ‘थ्रेश-होल्ड’ म्हणतात, कित्येक ‘थ्रेशोल्ड’ म्हणतात, आणि शब्दकोशांनी दोन्ही मान्य केलेत. ‘कर्नल’बद्दल चौघा-पाचजणांनी विचारलंय, की त्यात र कुठून आला. तो जोडशब्द नाही, त्याची भानगड इटली आणि फ्रान्समधली आहे. तो पुढच्या भागात घेऊ.